दोघींवर सारखाच उजेड

१४ जानेवारी १९९१, सोमवार

लग्नाचे फोटो इबादानच्या लॅबमधून आले. एकही वाया नाही. केक कापताना अगदी नाकाशी जाऊन काढलेला, मांडवाच्या टोकावरून काढलेला, छतावर फ्लॅश मारून काढलेला, सगळे चोख. ताईने लंडनहून हा कॅमेरा आणि त्याचा फ्लॅश पाठवल्यापासून मला डोकं चालवावंच लागत नाही. फ्लॅश उडतो, उजेड माणसावर पडून भिंगातून आत येतो, कॅमेरा आतल्या आत तो मोजतो आणि पुरेसा झाला की फ्लॅशला सांगतो, बस.

काल फोटोग्राफर युनियनच्या बैठकीत हे सगळ्यांना समजावून सांगितलं. समोर ओगा लाडोकुन बसले होते. ज्यांच्याकडे धंदा शिकलो त्या उस्तादासमोर असं बोलू नये, पण मी बोललो आणि मला बरं वाटलं. त्यांचा फ्लॅश जुना, आपला आपण मोजणारा. त्याच्या कपाळावर एक बारका डोळा आहे. समोरून परत आलेला उजेड तो डोळा बघतो आणि फ्लॅश स्वतःच विझतो. कॅमेऱ्याला त्यातलं काही कळत नाही. भिंग किती उघडायचं ते फ्लॅशच्या पाठीवरची चकती बघून हाताने लावायचं. आजच्या काळात कोण करणार ही कटकट?

ओगांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तुझा फ्लॅश बायकोला विचारून जेवतो. माझा पोट भरलं की उठतो."

सगळी बैठक हसली. घरी येऊन अशाबीला सांगितलं तर तीही हसली. वर म्हणते, जुळ्यांच्या पाठीवर आलेला इदोवू हट्टी असायचाच, उस्तादाशी कशाला भांडायचं. माझी बायको कुणाच्या बाजूची आहे हे मला अजून कळलेलं नाही.

१७ जानेवारी, गुरुवार

आज इया इबेजी आली. नदीकडच्या गल्लीत तिचे निळीचे रांजण आहेत, हात कोपरापर्यंत निळे. जुळ्यांची आई म्हणून सगळे तिला इया इबेजी म्हणतात. आता दोघींतली एकच उरली, तरी तेच म्हणतात. गेल्या पावसाळ्यात गोवराने केहिंदे गेली. ताईवो वाचली, चार वर्षांची आहे.

"भाऊ, माझ्या दोघींचा एकत्र फोटो हवाय," ती म्हणाली. "दर वेळी म्हणायचे, जरा मोठ्या होऊ देत, मग काढू. राहूनच गेलं. आणि रंगीत हवा. कापडाचा निळा दिसला पाहिजे, मी स्वतः रंगवलंय."

असे फोटो ओगांकडे मी ढिगाने पाहिलेत. गेलेल्या जुळ्याच्या जागी जिवंत असलेल्यालाच पुन्हा बसवायचं, तेच कपडे घालून. त्यात कुणाची फसवणूक नाही, सगळ्यांना ठाऊक असतं. ओगा एकच निगेटिव्ह कागदावर शेजारी शेजारी दोनदा छापायचे, स्वतःच्या काळोख्या खोलीत. रंगीत आल्यापासून सगळं लॅबच्या यंत्रात जातं, आणि यंत्र असले लाड करत नाही.

"तुम्ही ओगांकडे नाही गेलात?"

"आधी तिकडेच गेले. ते म्हणाले, रंगीत हवा असेल तर इदोवूकडे जा, तो काढेल."

म्हातारा आपली डोकेदुखी माझ्या गळ्यात मारतोय हे मी लगेच ओळखलं. पण नाही म्हणवेना. ताईवो धड जेवत नाही. ताटलीतलं अर्धं खाते आणि अर्धं बाजूला सरकवते, बहिणीचं म्हणून. मग उठून भिंतीशी बसते. इया इबेजीच्या डोक्यात बसलंय की आठवणीचं काही केलं नाही म्हणून केहिंदे रुसली आहे आणि हिलाही बोलावते आहे. सासू म्हणते, जुन्या रीतीने लाकडी बाहुली करा. नवरा म्हणतो, नमाजाच्या घरात बाहुली चालणार नाही. फोटो दोघांनाही चालतो. नऊ फेब्रुवारीला मुलींचा वाढदिवस, त्या दिवशी ती गल्लीतल्या पोरांना पाम तेलातली चवळी जेवू घालणार आणि फोटो मधोमध ठेवणार.

मी म्हणालो, काढतो. माझी जुळी भावंडं दोन्ही जिवंत आहेत, एक लंडनला, एक कानोला, आणि दोघांचं आपसात पटत नाही. तिला हे सांगायचं ओठांवर आलं होतं, पण गिळलं.

१९ जानेवारी, शनिवार

काढला. काळ्या पुठ्ठ्याने भिंगाचा उजवा अर्धा भाग झाकला, ताईवोला डावीकडे स्टुलावर बसवलं, फ्लॅश उडवला. फिल्म पुढे न सरकवता पुठ्ठा दुसऱ्या बाजूला लावला, स्टूल उजवीकडे नेलं, पुन्हा उडवला. एकाच फोटोत दोघी. दिवसाउजेडी अंगणात काढता आला असता, पण हरमाटन वाऱ्याची धूळ आहे, ऊन घटकेत पिवळं, घटकेत राखाडी. दोन्ही वेळा सारखा उजेड हवा तर फ्लॅशच बरा. आणि मोजायला कॅमेरा आहे. मी चिंता कशाला करू?

ताईवो दोन्ही वेळा मुकाट बसली. हसवायला गेलो तर माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच कॅमेऱ्याकडे वळलो.

२३ जानेवारी, बुधवार

लॅबमधून पाकीट आलं. वाईट झालं.

डावीकडची मुलगी फिकी. उजवीकडची त्याहून फिकी, तोंडाला राख फासावी तशी. भुवया नाहीत, नाक नाही. निळं कापडसुद्धा धुऊन विटल्यासारखं. आधी लॅबवाल्याला शिव्या घातल्या. मग निगेटिव्ह खिडकीशी धरून बघितली, तर तिथेही चेहऱ्याच्या जागा ठप्प काळ्या, उजवीकडची जास्त. म्हणजे उजेडच जास्त पडला होता, आणि दोघींवर वेगवेगळा. लॅबचा दोष नाही.

कॅमेरा खोटं बोलला. असं होऊच शकत नाही.

२४ जानेवारी, गुरुवार

फोटो दाखवणारच नव्हतो, पण इया इबेजी ताईवोला घेऊन स्वतः आली आणि पाकीट टेबलावरच होतं.

तिने फोटो खूप वेळ धरला. मग उजव्या मुलीवर बोट ठेवलं. "ही कोण, भाऊ?"

"ती केहिंदे," मी म्हणालो. रीतच आहे, धाकटी डावीकडे आणि थोरली उजवीकडे. पाठून जन्मली तरी केहिंदेच थोरली.

ती म्हणाली, "मग तिला अजून बरं वाटलेलं नाही."

एवढंच. ना आवाज चढवला, ना रडली. फोटो पाकिटात घातला, पाकीट टेबलावर ठेवलं आणि गेली. जाताना ताईवोला उचलून घेतलं. पोरगी हाताला काडीसारखी लागते. मी दिवसभर दुकानात नुसता बसून होतो. पासपोर्टच्या फोटोला आलेल्या दोघांना उद्या या म्हणून परत पाठवलं.

२६ जानेवारी, शनिवार

तिच्या पाया पडून पुन्हा बोलावलं. पुठ्ठा नवीन कापला, खाली खडूने खुणा केल्या. ताईवोला विचारलं, काही खाल्लंस का? म्हणाली, "अर्धं."

३० जानेवारी, बुधवार

या वेळी डावीकडची राख आणि उजवीकडची जरा बरी. कशाचा कशाला मेळ नाही. फ्लॅशच्या दोनच तऱ्हा आहेत, एक कॅमेऱ्याच्या सांगण्याने, नाहीतर एकदम पूर्ण जोरात. पूर्ण जोर माझ्या या खोक्याएवढ्या स्टुडिओत लावला तर दोघीही गायब होतील.

अशाबी म्हणाली, ओगांना विचार. मी म्हणालो, मेलो तरी विचारणार नाही. बैठकीत इतकं बोलल्यावर कुठल्या तोंडाने जाऊ? म्हातारा लोकांना बोलावून बोलावून सांगेल. अशाबी संध्याकाळी सुरण आणायला म्हणून पार ओके-बाले भागात गेली, ओगांच्या घराच्याही पलीकडे. आमच्या दारासमोर सुरणाचे ढीग लागलेले असतात. बऱ्याच वेळाने रिकाम्या हातांनी आली आणि म्हणते, तिकडचे चांगले नव्हते. घरात दुःख असताना बायकांना असं वणवण करावंसं का वाटतं देव जाणे.

३१ जानेवारी, गुरुवार

नशीब बघा. आज ओगा आपणहून आले. म्हणाले, इकडूनच चाललो होतो. त्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि गुडघा दुखतो म्हणून ते मशिदीतही टॅक्सीने जातात, पण माणसाला कुठे काय काम निघेल सांगता येत नाही. मी जमिनीवर आडवा होऊन नमस्कार केला. रीत ती रीत.

"ऊठ, शर्ट मळेल," ते म्हणाले. "ऐकलं, तुझ्या विलायती डोळ्याला मोतीबिंदू झालाय."

"कुणी सांगितलं?"

"गाव बोलतंय. दाखव."

दोन्ही फोटो दाखवले. मला वाटलं, आता हसतील. हसले नाहीत. चष्मा वर करून, जवळ धरून बघितले आणि म्हणाले, "पोरीची आई काय म्हणाली?" मी सांगितलं. ओगा स्टुलावर बसले आणि थोडा वेळ आपला गुडघा चोळत राहिले.

मग मात्र सुरू झाले. माझा फ्लॅश जर्मन आहे, जर्मन वस्तू खोटं बोलत नाही, तुझ्या फ्लॅशला स्वतःची अक्कलच नाही, वगैरे. मी म्हणालो, "ओगा, तुमच्या जर्मनाने चीफच्या पांढऱ्या मोटारीपुढे सगळं घराणं काळंठिक्कर केलं होतं, विसरलात?"

"ती मोटारीची चूक."

"आणि माझी कुणाची?"

"तुझ्या कॅमेऱ्याने काय बघितलं ते त्यालाच विचार ना," ते वैतागून म्हणाले. "मला काय विचारतोस?"

वैतागून म्हणाले, पण मी खरंच विचारलं. रिकामा कॅमेरा घेतला, पाठ उघडली, भिंगावर अर्धा पुठ्ठा लावला, पडदा उघडा ठेवून मागून डोळा लावला. अर्धं काळं. आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. कॅमेऱ्याचा डोळा आत आहे, पुठ्ठ्याच्या मागे. त्याला बिचाऱ्याला अर्धाच उजेड मिळतो, त्यात पोरीचं कापड गडद निळं. त्याला वाटतं खोलीत अंधार आहे, म्हणून तो फ्लॅशला सांगतो, आणखी, आणखी. पुठ्ठा कधी केसभर इकडे, कधी केसभर तिकडे, तसा दर वेळी त्याचा हिशेब वेगळा. म्हणून एक फिकी आणि एक जास्त फिकी. ओगांच्या फ्लॅशचा डोळा मात्र बाहेर आहे. पुठ्ठ्याची त्याला गंधवार्ता नाही. तो पोरीकडे बघणार, पुरेसं झालं की विझणार, दोन्ही वेळा सारखाच.

मी हे घाईघाईत सांगितलं. ओगा म्हणाले, "तेच तर मी मघापासून सांगतोय." ते असलं काहीही सांगत नव्हते. पण मला इतकं हलकं वाटलं की मी वाद घातला नाही.

"तुमचा फ्लॅश एक दिवस द्याल?"

"नाही देणार. फ्लॅश जाईल तिथे मी जाणार."

अशाबीने त्यांच्यापुढे सुरणाच्या पिठाचा अमाला आणि एवेदूची पालेभाजी ठेवली. त्यांना आवडते तशी, सुक्या माशाची. कशी काय नेमकी आजच केली होती कोण जाणे.

२ फेब्रुवारी, शनिवार

आज घडलं ते जमेल तसं लिहितो.

इया इबेजीला येता आलं नाही, रांजणात कापड बुडवलेलं होतं आणि निळीचं काम मध्ये सोडता येत नाही. अशाबी जाऊन ताईवोला घेऊन आली. ओगा आले ते थेट समारंभाला निघाल्यासारखे: आकाशी आगबाडा, तीन माणसं मावतील एवढा घेर, गळ्यावर भरतकाम, वर टोपी. मी म्हणालो, फोटो पोरीचा आहे. ते म्हणाले, काम करणारा नीट दिसावा.

माझ्या कॅमेऱ्याला त्यांचा फ्लॅश वायरीने जोडला. तो हातात धरून ते बाजूला उभे राहिले. चकती बघून त्यांनी भिंगाचं माप सांगितलं आणि वर म्हणाले, "कापड गडद आहे, एक घर आणखी बारीक कर. डोळ्याला काळ्याची भूल पडते." हे मला ठाऊक होतं. तरी केलं.

आधी अशाबीला बसवून तालीम केली, मग ताईवोवर एकामागून एक काढत गेलो. प्रत्येक वेळी फ्लॅश उडाला की त्याची भरतानाची शिट्टी क्षणभर वाजायची आणि तो पुन्हा तयार. थोडाच उजेड खर्च झाला, बाकीचा शिल्लक, म्हणून लवकर भरतो. पण मध्येच एकदा शिट्टी लांबली. वाजतच राहिली. मग पुढच्याला आखूड, त्याच्या पुढच्याला पुन्हा लांब. म्हणजे फ्लॅश मध्येच पूर्ण जोरात उडत होता. इथेही तेच, मी मनात म्हणालो, आता कुणाकडे जाऊ?

ओगांकडे वळून बघितलं तर त्यांची बाही. आगबाड्याची बाही खांद्यावरून सारखी घसरते. ते ऐटीत ती मागे टाकतात, ती पुन्हा येते, आणि आली की थेट फ्लॅशच्या डोळ्यावर पडते. डोळ्याला कापडाचा अंधार दिसतो आणि तो सगळं ओतून मोकळा होतो.

"ओगा, बाही."

"काय झालं बाहीला? अकवेतेचं कापड आहे."

"डोळ्यावर पडते. सगळे वाया गेले असतील. रोलवर आता एकच उरलाय."

उस्तादाच्या तोंडचं पाणी पळालेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी फ्लॅश अशाबीकडे दिला, टोपी काढली, आगबाडा डोक्यावरून काढला. आतल्या सदऱ्याच्या बाह्यासुद्धा ढगळ, म्हणून तोही काढला. आमच्या ओशोग्बो गावच्या युनियनचे माजी अध्यक्ष माझ्या स्टुडिओत बनियनवर उभे राहिले. बनियनला बेंबीवर नेमकं एक भोक.

"बघतोस काय? काढ."

डावा अर्धा काढला. ताईवो नेहमीसारखी गंभीर. शिट्टी आखूड. पुठ्ठा फिरवला, स्टूल उजवीकडे, खुणेवर. ओगा फ्लॅश नीट धरायला जरा वाकले. ताईवोची नजर त्यांच्या भोकावर गेली, आणि मी बटण दाबलं त्याच क्षणी ती हसली. खुदकन नाही, तोंड भरून, सगळे दात दिसतील असं.

शिट्टी आखूड. उजेड बरोबर. रोल संपला.

ओगांना अजून माहीत नाही ती का हसली. मी सांगितलं नाही.

७ फेब्रुवारी, गुरुवार

इबादानला वीज नव्हती म्हणून पाकीट अडकलं. अखेर आज बसवाल्याने आणून दिलं. दुकानात उघडायचा धीर झाला नाही, अशाबीला सांगितलं, तू उघड.

बाकी बरेच वाया गेले. काहींत उजेड बरोबर, पण पोरीने डोळे मिटलेले. शेवटच्यात मात्र दोघींवर उजेड सारखाच. चेहऱ्याचा रंग तोच, गालावरची चमक तीच, कापडाचा निळा जसा रांजणातून निघतो तसाच. मधला जोडसुद्धा शोधावा लागतो. जीव भांड्यात पडला. ओगांना हाक मारायला गेलो, तर ते दारातच उभे होते, म्हणाले, इकडूनच चाललो होतो.

पण एक आहेच. डावीकडची गंभीर आणि उजवीकडची हसते. असले फोटो असे नसतात. दोघी एकसारख्या दिसल्या पाहिजेत. ओगा म्हणाले, "माझ्या सगळ्या आयुष्यात असा एकही दिला नाही. आता परवावर वाढदिवस आलाय, दुसरा कुठून आणणार?" उद्या इया इबेजीला काय सांगायचं ते आम्ही दोघांनी ठरवून ठेवलं. लहान मूल आहे, हललं, पुन्हा काढून देऊ, तोवर हा ठेवा. ओगा म्हणाले, बोलणं मी करतो, तुला जमणार नाही.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

आम्ही दोघं फोटो घेऊन नदीकडे गेलो. इया इबेजी रांजणाशी होती. हात पुसून तिने फोटो घेतला, सावलीत नेला. ओगांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, "त्याचं असं झालं, लेकी, की लहान मूल..."

तिने ऐकलंच नाही. तिचं निळं बोट उजवीकडच्या मुलीवर टेकलं होतं. ती तिथेच मातीत बसली. मला वाटलं, गेलं, हेही फसलं.

"हीच," ती म्हणाली. "ती अशीच हसायची. ताईवो आजवर कधी अशी हसली नाही, जन्मल्यापासून गंभीर आहे. दोघींत हाच तर फरक होता. तुम्हाला कसं कळलं, बाबा?"

ओगा माझ्याकडे बघायला लागले.

"मला वाटलं होतं ती रुसली," इया इबेजी म्हणाली. मग हसत होती की रडत होती ते मला नीट सांगता येणार नाही, दोन्ही होतं. तिने ताईवोला मांडीवर घेतलं आणि फोटो दाखवला. "बघ, कोण आलंय."

ताईवोने बराच वेळ बघितलं. "ही मी," डावीकडे. मग उजवीकडे. "केहिंदेला बरं वाटलं."

चुलीवर उद्याच्या चवळीतली थोडी चव बघायला म्हणून शिजत होती. आईने वाटी भरून दिली. ताईवो सगळी खाऊन उठली.